सिनेमा आणि सुतक

घरात कोणी गेले म्हणजे काय करावे आणि काय करू नये, हे आपल्याकडे कोणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दहा दिवस सुतक असते. देवापुढची पूजा थांबते, कढई चढत नाही, रेडिओ-टीव्हीचा आवाज बंद असतो. तेराव्या दिवशी गोडाचे जेवण होते आणि घर पुन्हा हळूहळू चालू लागते. तरी त्या वर्षी सण नसतो. दिवाळी आली तर त्या घरात चकलीचा सोऱ्या काढत नाहीत. शेजारचे आणि सोयरेधायरे फराळाची ताटे आणून देतात. त्या घरातल्या पोरांच्या हातीही करंजी पडते, मात्र तळणाचा वास त्या दारातून येत नाही. या रिवाजात मला नेहमी दोन गोष्टींचे शहाणपण दिसते. दुःखाला मुदत घालून दिली आहे, ही एक. आणि त्या मुदतीत दुःखी घराला एकटे टाकायचे नाही, ही दुसरी.

हे झाले एका घराचे. पण एका शहरात, एका दिवसात, एकमेकांना न ओळखणारी शेकडो माणसे मारली गेली तर त्यांचे सुतक कोणी पाळावे? आणि किती दिवस? आपल्या गल्लीच्या पलीकडे माणसे मेली असताना येत्या शुक्रवारी नवा सिनेमा पाहायला जावे की जाऊ नये? न गेलो तर ते दुःख म्हणायचे की भीती? आणि गेलो तर धैर्य म्हणायचे की निर्लज्जपणा? दिवाळीच्या अंकात असला विषय काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. पण फराळाचे ताट मांडीवर घेऊन अंक वाचणाऱ्या कुटुंबातले बहुतेक सगळेजण दिवाळीच्या सुट्टीत एकदा तरी सिनेमाला जाणार असतात. तेव्हा हा प्रश्न दिसतो तितका आपल्यापासून दूर नाही.

सिनेमाच का, असे कोणी विचारील. शहर भ्यायले आहे की नाही, हे पाहायचे तर लोकलगाड्या का पाहू नयेत? मुंबईत दर वेळी तेच पाहतात. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांतले माटुंगा रोड आणि माहीम आपल्या दादरच्या शेजारचेच. दीडशेहून कितीतरी अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या आणि वर्तमानपत्रांनी मुंबईच्या जिद्दीचे गोडवे गायिले. मला त्या कौतुकात नेहमी काहीतरी खटकत आले आहे. ज्याचा दिवस भरला नाही तर पगार कापला जातो, त्याने गाडीत चढावे यात त्याची जिद्द किती आणि नाइलाज किती, हे बाहेरून कळत नाही. लोकल ही गरज आहे. सिनेमाला मात्र कोणी कोणाला ढकलीत नाही. तिथे माणूस आपल्या मर्जीने, पदरचे पैसे मोडून, बायकोपोरांना घेऊन जातो. आणि जाऊन करतो काय? दाराकडे पाठ करतो, दिवे मालवू देतो आणि ज्याचे नावगाव माहीत नाही अशा माणसाच्या कोपराला कोपर लावून तीन तास अंधारात बसतो. एका शहरातल्या माणसांचा परस्परांवर विश्वास किती आहे, हे मोजायला याहून चांगले माप मला माहीत नाही.

आणि हे माप मुंबईला फार जुने आहे. गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यावरची माणसे बोलू लागली. त्या दिवसांतली गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले होते म्हणतात. लालबाग-परळच्या गिरणगावात पाळ्यांवर आयुष्य चालत असे, तेव्हा सिनेमाही पाळीच्या हिशेबानेच पाहिला जाई. पहिल्या पाळीचा कामगार संध्याकाळच्या खेळाला, दुसऱ्या पाळीचा दुपारच्या. भारतमातामध्ये मराठी चित्रपट लागला म्हणजे चाळीतल्या बायका घोळक्याने निघत. दादरला प्लाझा, कोहिनूर, चित्रा अशी थिएटरे हाकेच्या अंतरावर. कोणाच्या शेजारी कोण बसले आहे, हे या अंधारात कोणी विचारीत नसे. देवळात, पंगतीत, पाणवठ्यावर जो भेद शतकानुशतके पाळला गेला, तो तिकिटाच्या खिडकीने चार आण्यांत मोडला. ही कामगिरी आपण सिनेमाच्या खाती फारशी कधी जमा केलेली नाही.

ह्या विश्वासावरच १२ मार्च १९९३ रोजी घाला पडला. तो शुक्रवार होता, म्हणजे नव्या चित्रपटांचा वार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत शहरभर एकामागून एक स्फोट होत गेले. काथ्या बाजार, एअर इंडियाची इमारत, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचा सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार. तीन वाजून गेल्यावर दादरच्या प्लाझाच्या आवारात उभी करून ठेवलेली मोटार फुटली. प्लाझा म्हणजे व्ही. शांतारामांचे थिएटर, ते स्वतः १९९०मध्येच वारले होते, हे त्यांना पाहावे लागले नाही. प्लाझात दहा माणसे गेली. शहरात एकूण २५७ माणसे मृत्यू पावली आणि सातशेवर जखमी झाली. मी तेव्हा लालबागच्या एका चाळीत राहणारी, सातवीतली मुलगी होते. वरळीच्या स्फोटाने आमच्या वर्गाची तावदाने थरथरली, आणि संध्याकाळपर्यंत चाळीत एकच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता: प्लाझा. शेअर बाजार आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, एअर इंडियाची इमारत समुद्रावर गेलो तर लांबून पाहायची. पण प्लाझाच्या पायऱ्या सगळ्यांच्या पायांखालच्या होत्या.

त्यानंतर लोक सिनेमाला जायचे थांबले का? थांबले, पण सगळे सारखे थांबले नाहीत, आणि इथेच हा प्रश्न मोठा वेधक होतो. भीती थिएटरात नसते, थिएटरातून घरी येण्याच्या वाटेत असते. म्हणून आधी सुटतो तो रात्रीचा शेवटचा खेळ. नऊला आत जाणारा माणूस बाराला बाहेर पडणार, शेवटची बस चुकणार, दुकानांच्या फळ्या लागलेल्या असणार. त्यानंतर सुटतात त्या बायका. म्हणजे बायका सोडीत नाहीत, घरचे त्यांना सोडायला लावतात. मग पोरे सुटतात. दुपारच्या खेळाचे तरुण पुरुष तेवढे उरतात. दंग्याधोप्याच्या काळात थिएटर अगदी ओस पडलेले सहसा दिसत नाही, पण ते पुरुषांचे होऊन जाते. कुटुंबे गेली की सिनेमा पाहण्यातला उत्सव जातो आणि नुसता वेळ घालवणे उरते. रस्ता किती सुरक्षित झाला हे पोलीस सांगतील. मी मात्र नऊच्या खेळाला मांडीवर मूल घेतलेली बाई बसली आहे का, हे पाहीन.

आमच्या घरी त्या वर्षी एक नवाच नियम आला. आई आणि वडील दोघे मिळून एका खेळाला जायचे नाहीत. आई शेजारच्या काकूंबरोबर तीनच्या खेळाला जाई, वडील पुढच्या आठवड्यात एकटे जाऊन तोच चित्रपट पाहून येत. आम्हा भावंडांपैकी एकजण आईबरोबर, एकजण वडिलांबरोबर. हा नियम मोठ्याने कोणी सांगितला नाही आणि त्याचे कारणही कोणी बोलून दाखवले नाही. दोघांपैकी एक तरी मागे राहावे, हा त्याचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी उमगला. गिरगावची माझी आत्या एके काळी दर आठवड्याला नवा चित्रपट पाहणारी. तिने रात्रीचा खेळ सोडला तो जन्मभरासाठी. भेकड म्हणावी अशी बाई ती नव्हती. पानशेतच्या पुरातून वाचलेल्या सासूचे दुखणे तिने नऊ वर्षे काढले होते. पण करमणुकीसाठी जिवाची जोखीम घ्यावी, हे तिच्या हिशेबात बसत नव्हते. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

तरी प्लाझाच्या स्फोटाने लोकांना जितके घरी बसवले, त्याहून अधिक त्याच्या आधीच्या दोन महिन्यांनी बसवले होते, असे मला वाटते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले आहे. संचारबंदी लागली की खेळ आपोआप बंद पडत. चाळीचाळीतून पुरुष रात्रीची गस्त घालीत होते. बाँब आणि दंगल यांत एक फरक आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. बाँब ठेवणारा कोणीतरी दूरचा, कटातला, आपल्याला कधीही न भेटणारा असतो; निदान आपण तसे मानून चालतो. त्याच्याविषयीचा राग सगळ्यांचा मिळून एक होऊ शकतो. दंगल करणारे मात्र आपल्याच गल्लीतले, आपण ज्यांच्याकडून पाव आणि भाजी घेतो त्यांतले असतात. आणि मारले जातात तेही आपल्याच गल्लीतले. बाँब पडल्यावर माणूस खुर्चीखाली पाहतो. दंगल झाल्यावर तो शेजारच्या खुर्चीकडे पाहतो. खुर्चीखाली काही नाही याची खात्री पोलीस देऊ शकतात. शेजारच्या खुर्चीची खात्री कोण देणार? दादरचा माणूस ग्रँट रोडच्या थिएटरात जाईनासा झाला, भेंडी बाजारचा माणूस दादरला येईनासा झाला. प्लाझाची डागडुजी होऊन ते पुन्हा उघडले. जे मनातल्या मनात बंद झाले होते, त्याच्या डागडुजीचे कंत्राट कोणी घेतले नाही.

आता लोक परत कसे आले, ते पाहू. त्याच वर्षी ऑगस्टात ‘खलनायक’ लागला. त्याचा नायक संजय दत्त याला बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या आरोपाखाली एप्रिलमध्येच अटक झाली होती, आणि पुढे शस्त्र कायद्याखाली त्याला शिक्षाही झाली. लोकांनी त्या चित्रपटावर उड्या टाकल्या. अनेकांना याची लाज वाटली होती. जखम ओली असताना ह्या खटल्यातल्याच आरोपीला पडद्यावर पाहायला गर्दी करायची, यात विवेक कुठे राहिला? मला वाटते, त्या गर्दीत उल्लूपणा होता तसेच दुसरेही काही होते. ज्या गोष्टीने माणूस पार घाबरून गेलेला असतो, तिला तो एकदा तरी चौकटीत बसलेली, शेवट असलेली, दिवे लागताच संपणारी अशी पाहू इच्छितो. लहान मूल भुताची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावते, त्यातला हा प्रकार. तरीही ह्या परतण्याला मी परतणे म्हणणार नाही. ती दुपारच्या खेळांची गर्दी होती.

खरे परतणे पुढच्या वर्षी झाले. ५ ऑगस्ट १९९४ रोजी मरीन लाइन्सच्या लिबर्टीमध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला आणि शंभराहून अधिक आठवडे चालला. जाणत्या टीकाकारांनी त्याला लग्नाची लांबलचक चित्रफीत म्हणून हिणवले. त्यात खलनायक नाही, पिस्तूल नाही, पोलीस नाही. आहे ते एक लग्न, एक बारसे, एक अपघात आणि बरीचशी गाणी. पण आमच्या घरात त्या चित्रपटाने एक गोष्ट केली, जी कोणत्याही शांतता समितीला जमली नव्हती: आई आणि वडील पहिल्यांदा पुन्हा एकाच खेळाला, एकाच रांगेत, आम्हा दोघा भावंडांना मध्ये घेऊन बसले. नियम मोडला हे कोणी बोलले नाही, जसा तो केला तेव्हाही कोणी बोलले नव्हते. त्याच्या पुढल्या वर्षी, १९९५च्या ऐन दिवाळीत ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो हजाराहून अधिक आठवडे चालला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तो कुठे चालला, याकडे आपले लक्ष जात नाही. मराठा मंदिर हे १९५८ साली उभे राहिलेले थिएटर. एका बाजूला नागपाडा, जवळच एस. टी.चे आगार आणि रेल्वेचे स्थानक. तिथल्या स्वस्त तिकिटात गावाकडची गाडी पकडायच्या आधी वेळ काढणारा साताऱ्याचा माणूस आणि नागपाड्याचा कारागीर शेजारी बसत. ज्या गोष्टीत तंटा पळून जाण्याने न सुटता बापाच्या होकाराने सुटतो, ती गोष्ट पाहायला ही दोन माणसे पुन्हा एका रांगेत आली. त्याच वर्षी मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ही येऊन गेला होता, त्यात दंगल उघड उघड दाखवली होती. तो चित्रपट मोठा असेल, पण एका रांगेत बसायची सवय लोकांना परत लावली ती लग्नाच्या चित्रपटांनी.

इथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही सिनेमावर भलतेच ओझे टाकता. गिरगाव-लालबागची थिएटरे ओस पडली ती बाँबमुळे नव्हे. हे म्हणणे रास्त आहे. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच्या खिशातले सिनेमाचे पैसेच नाहीसे झाले. त्याच दशकात रंगीत टीव्ही आला, व्हिडिओ आले, नव्वदनंतर केबलच्या तारा चाळीच्या गॅलऱ्यांतून लोंबू लागल्या. रॉयल ऑपेरा हाउस १९९३ सालीच बंद झाले, तेव्हा ते दंगलीचा बळी म्हणून सांगायचा मोह होतो. पण त्याचा प्रेक्षक आधीपासूनच आटत आला होता. २०१६ साली ते पुन्हा उघडले हे आपले भाग्य. मला एवढेच म्हणायचे आहे की भीतीला घरी बसायचे सोयीचे निमित्त मिळाले. पूर्वी संचारबंदी उठली की माणसाला घर खायला उठे, म्हणून तो बाहेर पडे. आता त्याला घरातच पडदा मिळाला. न भिताही तो घरी बसू शकतो, आणि आपण भितो आहोत की आळसावलो आहोत, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

जगात दोन्ही टोके पाहायला मिळतात. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले त्या दिवशी इंग्लंडच्या सरकारने सगळी चित्रपटगृहे बंद केली. पंधरवड्यात बहुतेक उघडावी लागली, कारण अंधारलेल्या गावांत माणसे घराघरात कोंडून घाबरी होत होती. पुढे लंडनवर बाँब पडत असताना हल्ल्याचा भोंगा झाला की पडद्यावर सूचना येई: ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे, खेळ चालू राहील. बरेचजण बसून राहत. दुसरे टोक काश्मीर. १९८९-९०च्या सुमारास तिथली थिएटरे धमक्यांनी बंद पडली. १९९९मध्ये श्रीनगरचे रीगल उघडले तर त्यावर हल्ला झाला. २०२२ साली श्रीनगरात नवे बहुपडदा चित्रपटगृह उघडले, तेव्हा तिशीतल्या माणसांनी आपल्या गावात पहिल्यांदा मोठा पडदा पाहिला. एका सबंध पिढीने अंधारात परक्याशेजारी बसून एकाच विनोदाला हसणे म्हणजे काय, हे अनुभवलेच नाही. लंडनचे प्रेक्षक काश्मीरच्या प्रेक्षकांहून शूर होते, असे म्हणणे हा अन्याय होईल. लंडनच्या माणसाला शत्रू आकाशात आहे हे ठाऊक होते. शत्रू शेजारच्या रांगेत असेल, असे ज्याला वाटते त्याची परीक्षा फार कठीण असते.

या विषयाची एक बाजू आपल्याच घरातली आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात गोरे सैनिक सिनेमा पाहत असताना बाँब फुटले आणि त्यांतले काही मेले. बेचाळीसच्या चळवळीतल्या आपल्या तरुणांनी ते ठेवले होते. आपण त्यांना क्रांतिकारक म्हणतो, मीही म्हणते, आणि शाळेत तसेच शिकवते. एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, मग प्लाझात आणि त्याच्यात फरक काय?” वर्ग एकदम गप्प झाला. मी तिला सांगितले की फरक आहे. कॅपिटॉलमधले बाँब सत्तेच्या सशस्त्र सैनिकांवर रोखलेले होते, गुलामीविरुद्ध होते. प्लाझातल्या बाँबवर कोणाचेच नाव नव्हते, म्हणून तो सगळ्यांच्या नावावर होता. हे उत्तर मला आजही बरोबर वाटते. पण ते देऊन झाल्यावर त्या मुलीने आणखी एक विचारले: “त्या सैनिकांनी बंदुका आत नेल्या होत्या का?” हा प्रश्न कारण न्याय्य असले तरी उरतो. तिकीट काढून अंधारात बसलेला माणूस त्या तीन तासांपुरता कोणाचाच सैनिक नसतो. क्रांतिकारकांच्या त्यागापुढे मान लवून मी हे म्हणते की अशा जागा, जिथे माणूस शस्त्र आणि सावधपणा दोन्ही खाली ठेवून बसतो, त्या युद्धातसुद्धा राखल्या जाव्यात. नाहीतर कारणे न्याय्य ठरवणारे सगळ्याच बाजूंना भेटतात.

पुढे २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आली. दोन हल्लेखोर पोलिसांची गाडी पळवून मेट्रो थिएटरच्या चौकातून गेले आणि तिथे जमलेल्या पोलिसांवर आणि पत्रकारांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्यांतल्या एकाला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन पकडून दिले. त्यानंतर शहरातल्या थिएटरांच्या दारांत धातू शोधणाऱ्या चौकटी आल्या, पिशव्या उघडून पाहणे आले, बायकांसाठी आडोशाचे पडदे आले. आता हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की पोरे चौकटीखालून उड्या मारीत जातात. मी त्या तपासणीच्या विरुद्ध नाही. पण पूर्वी दारावरचा माणूस तिकीट फाडून आत सोडी, म्हणजे “या” म्हणे. आता तो आधी हात वर करायला सांगतो. संशय हा तिकिटाचाच एक भाग झाला. सिनेमाला जायची इच्छा त्याने कमी होत नाही, हे खरे. मात्र ज्या विश्वासासाठी मी सिनेमाचे माप घेतले होते, ते माप यापुढे तितकेसे खरे सांगणार नाही.

तर मग जावे की जाऊ नये? मुंबईच्या जिद्दीचे स्तोत्र गाणारे सांगतात, दुसऱ्याच दिवशी जावे. घाबरून बसलो तर मारणाऱ्यांचा हेतू साधतो. यात तथ्य आहे, पण अर्धे. शव अजून ओळखायचे राहिले असताना दुसऱ्या दिवशी पडद्यापुढे हसणाऱ्याने मारणाऱ्यांना काय दाखवून दिले, कोण जाणे. मेलेल्यांच्या आप्तांना मात्र त्याने दाखवून दिले की तुमचे काही झाले तरी आमचे काही अडत नाही. जे म्हणतात की अशा काळात करमणूक हेच पाप, त्यांचेही म्हणणे मला पटत नाही. दुःखाला मुदत नसेल तर ते व्यसन होते, आणि कायमची बंद राहिलेली थिएटरे मेलेल्यांचे स्मारक होत नाहीत, मारणाऱ्यांचे होतात.

उत्तर आपल्या जुन्या रिवाजातच आहे, असे मला वाटते. सुतकाच्या घरी आपण समाचाराला जातो. तिथे फार बोलत नाही, चहासुद्धा घेत नाही. नुसते जाऊन बसतो. मग दहा दिवस होतात, तेरावा होतो, आणि त्या घरातल्या माणसाला कोणीतरी हाताला धरून पुन्हा बाजारात, देवळात, लग्नाकार्यात नेते. शहराला आपण सुतक शिकवले नाही ते याच अर्थाने. स्फोटानंतर रक्त द्यायला रांगा लागतात, ही मुंबईची खरी थोरवी आहे. पण त्या दिवसानंतर जखमी माणसाच्या घरी महिन्याने, वर्षाने कोण जाते? दंगलीत दुकान जळालेल्या माणसाकडून आपण पुन्हा पाव घ्यायला लागलो की दुसरे दुकान धरले? १९९३च्या खटल्याचा निकाल लागायला तेरा-चौदा वर्षे गेली. त्या स्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ निकालाच्या वाटेने अडून राहून २००७मध्ये पडद्यावर आला. चौदा वर्षे आपण त्या घरांच्या समाचाराला गेलो नाही, आणि मग पॉपकॉर्न घेऊन त्यांची गोष्ट पाहिली. तो चित्रपट चांगला होता. पण जिच्या घरातले माणूस गेले अशी बाई त्या खेळाला कोणाच्या शेजारी बसली असेल, असा विचार मनात येतो.

तेव्हा एखाद्या वाईट दिवसानंतर आपण सिनेमाला कधी गेलो, याला फारसे महत्त्व नाही. चार दिवसांनी गेलो की चार महिन्यांनी, हे प्रत्येकाच्या छातीवर आणि घरातल्या पोराबाळांवर सोडावे. माझ्या आत्यासारखे कोणी कधीच गेले नाही तरी चालेल. स्फोट आणि तिकिटाची खिडकी यांच्या मधल्या दिवसांत आपण कोणाच्या दारात जाऊन आलो, हे मात्र ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ज्याच्या घरी यंदा कढई चढली नाही त्याच्या दारात फराळाचे ताट पोचवून मग आपल्या पोरांना घेऊन खुशाल नऊच्या खेळाला जावे. तो घरी असेल आणि येत असेल, तर त्यालाही बरोबर न्यावे.